एरर ९१: व्हेरिएबल सेट झालंय का, हे नक्की कुठे तपासायचं?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

तुम्ही लासलगावला एका कांदा खरेदीदाराकडे हिशोब सांभाळता. दिवसभराच्या हिशोबपट्ट्या एक्सेलच्या एका शीटमध्ये भरता आणि संध्याकाळी मॅक्रो (एक्सेलच्या व्हीबीए भाषेतला कोड) चालवता. मॅक्रो प्रत्येक पट्टीवरच्या शेतकऱ्याचं नाव खातेवहीच्या शीटमध्ये फाइंडने शोधतो आणि त्याच्या ओळीत दिलेली रक्कम मिळवतो. काही दिवस तो सुरळीत चालायचा, काही दिवस ‘ऑब्जेक्ट व्हेरिएबल ऑर विथ ब्लॉक व्हेरिएबल नॉट सेट’ असं म्हणत एरर ९१ देऊन थांबायचा. तुम्ही ‘इफ सापडला = नथिंग’ (‘सापडला’ हे फाइंडचं उत्तर ठेवणारं व्हेरिएबल, नथिंग म्हणजे ते रिकामं) लिहून पाहिलं, तर कंपाइल एरर आली. मग ‘इफ सापडला <> ""’ केलं, तर पुन्हा ९१. शेवटी कुणीतरी सुचवलं म्हणून सगळ्यात वर ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, म्हणजे ‘एरर आली तरी पुढे जा’ अशी ओळ टाकलीत. मॅक्रो थांबायचा बंद झाला. आणि आता एक शेतकरी सांगत आला की मिळालेले पैसे त्याच्या खात्यावर दिसतच नाहीत. तुमचा प्रश्न एवढाच आहे की व्हेरिएबल सेट झालंय की नाही हे तपासायची बरोबर पद्धत कोणती.

पद्धत एका ओळीची आहे. पण तुमची खरी अडचण त्या ओळीपेक्षा मोठी आहे: तुमच्या खातेवहीत या घडीला चुकीच्या नावांवर रकमा पडलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. त्यामुळे आधी ओळ सांगतो, मग रकमा कशा सरकल्या ते, आणि शेवटी त्या शोधायच्या कशा ते.

कोडच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. एडिटरमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करा.

सेट सापडला = खाते.कॉलम्स(२).फाइंड(नाव)
इफ सापडला इज नथिंग देन

उलटी अट हवी असेल तर ‘इफ नॉट सापडला इज नथिंग देन’.

रेंज, वर्कशीट, वर्कबुक अशा प्रकारचं व्हेरिएबल ‘डिम’ केलं, म्हणजे जाहीर केलं, की सुरुवातीला त्यात नथिंग असतं, जसं लाँग (आकड्याचं व्हेरिएबल) शून्यापासून सुरू होतं आणि स्ट्रिंग (मजकुराचं) रिकाम्या मजकुरापासून. ‘सेट’ केल्यावर त्यात सेल येत नाही, सेलचा मेमरीतला पत्ता येतो. ‘इज’ दोन पत्ते ताडून बघतं. बरोबरचं चिन्ह मात्र पत्ता बघत नाही, किंमत मागतं. रेंजच्या बाबतीत तुम्ही न लिहिताच ‘.व्हॅल्यू’ वाचली जाते, म्हणून ‘सापडला <> ""’ ही ओळ एक्सेल ‘सापडला.व्हॅल्यू <> ""’ अशी वाचतं. सापडला नथिंग असेल तर व्हॅल्यू विचारायची कुणाला? तपासायला म्हणून लिहिलेली ओळच ९१ देते ती यामुळे. ‘सेट’ हा शब्द विसरला तरी हेच होतं. ‘सापडला = खाते.रेंज("बी५")’ असं लिहिलं की एक्सेल नथिंगच्या व्हॅल्यूमध्ये काहीतरी भरायला जातं आणि अडतं. ऑब्जेक्ट परत देणाऱ्या स्वतःच्या फंक्शनमध्ये शेवटच्या ओळीला ‘सेट’ राहून गेला, तरी तेच.

आता तुमच्या रकमा कुठे गेल्या ते पाहू. तुम्ही दिलेला कोड साधारण असा आहे:

सेट सापडला = खाते.कॉलम्स(२).फाइंड(नाव)
इफ सापडला <> "" देन
ओळ = सापडला.रो
खाते.सेल्स(ओळ, ५) = खाते.सेल्स(ओळ, ५) + रक्कम
एंड इफ

नाव सापडलं नाही की फाइंड नथिंग देतं. ती एरर नाही, ते फाइंडचं रीतसर उत्तर आहे. पुढच्या ओळीत अट तपासताना ९१ येते. वर रिझ्यूम नेक्स्ट असल्यामुळे एक्सेल ती गिळतं आणि पुढच्या विधानावर जातं. पुढचं विधान कोणतं? ‘एंड इफ’च्या खालचं नव्हे, इफच्या आतलं पहिलं. म्हणजे अटीतच एरर आली की अट खरी ठरल्यासारखा आतला कोड चालतो. आत ‘सापडला.रो’ पुन्हा अडतं, तीही एरर गिळली जाते, आणि ‘ओळ’ या व्हेरिएबलमध्ये आधीच्या शेतकऱ्याचा ओळ क्रमांक तसाच राहतो. त्याच्या पुढची ओळ मात्र बिनचूक चालते. या शेतकऱ्याची रक्कम आधीच्या शेतकऱ्याच्या खात्यात मिळवली जाते, आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

म्हणून मी कळकळीने सांगतो, ती वरची ओळ आजच काढा. पैशांच्या हिशोबात थांबणारा मॅक्रो परवडतो, गप्प राहून चालणारा नाही. एरर ९१ त्रासदायक वाटते, पण तोवर तीच एक गोष्ट तुम्हाला खरं सांगत होती.

दुसरा मुद्दा तपासणी कुठे करायची याचा. व्हेरिएबल जिथे वापरलंय तिथे तपासण्याची बहुतेकांना सवय असते. एरर तिथे येते, म्हणून इफ तिथेच लिहिला जातो. मी तपासणी नेहमी वस्तू जिथे मिळवली त्याच्या लगेच खालच्या ओळीवर करतो. कारण साधं आहे. त्या क्षणी काय शोधलं, कुठे शोधलं, का मिळालं नाही हे सगळं हाताशी असतं. तिथून वीस ओळी खाली गेल्यावर हातात फक्त एक रिकामं व्हेरिएबल उरतं आणि ते रिकामं का, हे सांगता येत नाही. शिवाय मिळवण्याच्या जागी एकदा तपासलं की खालच्या प्रत्येक वापरावर इफ लावायची गरज राहत नाही, कोड वाचायला मोकळा होतो. याच कारणासाठी ‘फाइंड(नाव).रो’ असं एका दमात लिहू नका. मधलं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेतलंच नाही तर तपासणार कशाला? ‘विथ ... फाइंड(नाव)’ असा ब्लॉक उघडणंही तसंच. एररच्या मजकुरात ‘विथ ब्लॉक’ शब्द आहेत ते त्याच प्रकारासाठी.

नथिंग निघालं तर पुढे काय करायचं, हे मात्र मी इथून ठरवू शकत नाही. ते तुमच्या कामावर अवलंबून आहे. पहिल्यांदाच माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचं खातं नसणं साहजिक आहे. तिथे मॅक्रोने नवी ओळ उघडावी असं तुमचे शेठ म्हणू शकतात. पण महिनोन् महिने व्यवहार असलेलं नाव सापडलं नाही, तर ती टायपिंगची चूक असते आणि तिथे नवी ओळ उघडली तर एका माणसाची दोन खाती होतात. कोडला हा फरक कळत नाही. मी अशा कामांत मॅक्रोला मधेच थांबवत नाही आणि त्याच्याकडून अंदाजही बांधून घेत नाही. न सापडलेल्या पट्ट्या तो एका वेगळ्या शीटवर लिहून ठेवतो: पट्टी क्रमांक, नाव, रक्कम. बाकीच्या नोंदी पूर्ण होतात. उरलेल्यांचा निर्णय माणूस घेतो. नाशिकच्या सातपूर आणि अंबडमधल्या कारखान्यांत स्टोअरच्या आवक-जावक नोंदींसाठी मी हीच पद्धत वापरतो आणि द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये प्लॉट क्रमांक जुळवतानाही.

नथिंग नाही म्हणजे बरोबर सेल मिळाला, असं समजू नका. फाइंडमध्ये ‘लुक-ॲट’ (पूर्ण की अर्धवट जुळणी), ‘लुक-इन’ (सेलमधल्या कशात शोधायचं) आणि शोधण्याचा क्रम सांगितला नाही, तर ते मागच्या वेळची सेटिंग वापरतं. मागची वेळ म्हणजे दुसऱ्या मॅक्रोतली असेल किंवा तुम्ही दुपारी कंट्रोल-एफ दाबून हाताने केलेला शोधही असेल. त्या शोधात अर्धवट जुळणी चालू असेल तर ‘राम’ शोधताना आधी ‘रामदास’ भेटला तरी फाइंड तोच देतं. मॅक्रो एक दिवस बरा आणि एक दिवस बिघडलेला वाटतो त्यामागे बरेचदा हेच असतं. म्हणून दरवेळी सगळं लिहा:

सेट सापडला = खाते.कॉलम्स(२).फाइंड(व्हॉट:=नाव, लुकइन:=एक्सएलव्हॅल्यूज, लुकॲट:=एक्सएलहोल, सर्चऑर्डर:=एक्सएलबायरोज)

यातही एक अडचण आहे. एक्सएलव्हॅल्यूजने शोधलं तर लपवलेल्या ओळींतला मजकूर सापडत नाही. कुणी फिल्टर लावून ठेवला असेल तर समोरच्या खातेवहीत असलेलं नावही नथिंग देईल. शोधण्याआधी फिल्टर काढा, नाहीतर फाइंड सोडून मॅच वापरा. त्याबद्दल खाली लिहितो.

आता आपल्याकडच्या फायलींमध्ये हमखास येणारी गोष्ट. इंग्रजी उत्तरांमध्ये हिच्याबद्दल क्वचितच लिहिलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. व्हीबीएच्या एडिटरला युनिकोड देवनागरी ठेवता येत नाही. कोडमध्ये ‘वर्कशीट्स("उधारी")’ असं मराठीत चिकटवलं की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. हे नुसतं दिसण्यापुरतं नसतं, कोडमध्ये खरोखर प्रश्नचिन्हंच साठवली जातात. त्या नावाची शीट अर्थातच नसते. मग एरर ९ येते, ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’. वर रिझ्यूम नेक्स्ट असेल तर ९ गिळली जाते, शीटचं व्हेरिएबल नथिंग राहतं आणि पुढे कुठेतरी ९१ डोकं वर काढते. माणूस ९१ च्या ओळीकडे बघत बसतो, बिघाड मात्र वर असतो.

फाइंडमध्ये तर हे आणखी वाईट. तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’. समजा तुम्ही ‘एकूण’ लिहिलेली ओळ शोधायला कोडमध्येच तो शब्द चिकटवला. ‘एकूण’ हे युनिकोडमध्ये चार चिन्हांचं आहे, म्हणून कोडमध्ये चार प्रश्नचिन्हं बसतात. आता फाइंड चार चिन्हांचा कुठलाही मजकूर शोधतं. अर्धवट जुळणी चालू असेल तर चार किंवा जास्त चिन्हांचा पहिलाच भरलेला सेल हातात येतो. नथिंग येत नाही, तपासणी पास होते, आणि सेल भलताच असतो.

यावर उपाय दोन. एक, कोडमध्ये मराठी मजकूर ठेवायचाच नाही. ‘सेटिंग’ नावाची एक शीट करा, तिच्या सेलमध्ये ‘एकूण’, ‘उधारी’, ‘उन्हाळ’, ‘लाल’ हे शब्द लिहा आणि कोडमध्ये त्या सेलची व्हॅल्यू वाचा. सेलमधून व्हेरिएबलमध्ये आलेली देवनागरी शाबूत राहते. फक्त तो मजकूर मेसेज बॉक्समध्ये दाखवायला गेलात तर पुन्हा प्रश्नचिन्हं दिसतील, म्हणून न सापडलेली नावं शीटवरच लिहा. दोन, शीटसाठी कोडनेम वापरा. एडिटरमध्ये शीट निवडून एफ४ दाबा, प्रॉपर्टीज खिडकीत कंसातल्या नेमपुढे रोमन अक्षरांत नाव द्या, समजा ‘शीटखाते’. मग कोडमध्ये नुसतं ‘शीटखाते.रेंज("ए१")’ चालतं. टॅबवरचं नाव कुणीही बदललं तरी कोडनेम बदलत नाही. ज्या फाइलमध्ये मॅक्रो आहे तिच्याच शीटसाठी हे चालतं, दुसऱ्या फाइलच्या शीटसाठी नाही. पण तुमची खातेवही त्याच फाइलमध्ये आहे, त्यामुळे तुमचा शीटचा प्रश्न इथेच सुटतो.

नावांचं काय? जुन्या फायली श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तिथे सेलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. नव्या पट्ट्या युनिकोडमध्ये भरल्या आणि जुनी खातेवही श्रीलिपीत असली, तर डोळ्यांना सारखी दिसणारी नावं फाइंडला कधीच जुळणार नाहीत. सेलचा फॉन्ट एरियल करून बघा, लगेच कळेल. निव्वळ युनिकोडमध्येही ‘ऱ्या’ हे जोडाक्षर कीबोर्डनुसार दोन तऱ्हांनी बनतं. एकात चार चिन्हं असतात, दुसऱ्यात न दिसणारा एक जोडक जास्त असतो, म्हणून पाच. शंका आली तर दोन्ही सेलवर ‘लेन’ फंक्शन लावा. आकडे वेगळे आले तर मजकूर वेगळा आहे. शेवटी पडलेली स्पेसही तिथेच पकडली जाते.

हे सगळं बघता माझा आग्रह आहे की शोध नावावर नकोच. एका गावात एकाच नावाचे, अगदी वडिलांचं नावही सारखं असलेले दोन शेतकरी असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. प्रत्येकाला खाते क्रमांक द्या, पट्टीवर तो लिहा आणि मॅक्रोला क्रमांकच शोधू द्या. तसं केलं की फाइंडचीही गरज उरत नाही:

जागा = ॲप्लिकेशन.मॅच(खातेक्रमांक, शीटखाते.कॉलम्स(१), ०)
इफ इजएरर(जागा) देन

इथे ‘जागा’ व्हेरियंट (कोणत्याही प्रकारची किंमत घेणारं व्हेरिएबल) ठेवा. ॲप्लिकेशन.मॅचला क्रमांक मिळाला नाही तर ते थांबत नाही, एरर-किंमत परत देतं, आणि ती ‘इजएरर’ने तपासायची असते, ‘इज नथिंग’ने नाही. मध्ये ‘वर्कशीटफंक्शन’ घातलंत तर तेच मॅच १००४ देऊन थांबतं. लपवलेल्या ओळी मॅचला अडवत नाहीत. मात्र एकीकडे क्रमांक आकडा म्हणून आणि दुसरीकडे मजकूर म्हणून साठवलेला असेल, तर जुळणार नाही.

इथून पुढचं थोडं सर्वसाधारण आहे. ‘न मिळणं’ प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रूपात येतं आणि त्यानुसार तपासणी बदलते. फाइंड, इंटरसेक्ट, सेलची कमेंट, शीटचा ऑटोफिल्टर, एकही ओळ नसलेल्या टेबलाची डेटाबॉडीरेंज, कोणताच चार्ट निवडलेला नसताना ॲक्टिव्हचार्ट: हे सगळे शांतपणे नथिंग देतात. इथे ‘इज नथिंग’ पुरेसं आहे. याउलट वर्कशीट्समध्ये नसलेलं नाव दिलं तर ९, कलेक्शनमध्ये नसलेली ‘की’ (नोंदीची खूण) दिली तर ५, स्पेशलसेल्सला काही मिळालं नाही तर १००४. हे नथिंग देतच नाहीत, थेट एरर देतात. त्यांच्यासाठी एरर क्षणभर गप्प करावी लागते, पण फक्त एका ओळीपुरती:

सेट पत्रक = नथिंग
ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट
सेट पत्रक = वही.वर्कशीट्स(शीटनाव)
ऑन एरर गोटू ०
इफ पत्रक इज नथिंग देन

रिझ्यूम नेक्स्टची योग्य जागा ही, आणि ‘गोटू ०’ लिहून ती लगेच बंद करायची. पहिली ओळ अनेकजण अनावश्यक समजून गाळतात. लूपमध्ये तीच सगळ्यात महत्त्वाची असते. सेट फसला तर व्हेरिएबल रिकामं होत नाही, त्यात मागच्या फेरीतली शीट तशीच राहते. लूपच्या आत ‘डिम’ लिहिलं म्हणून ते दर फेरीला नव्याने नथिंग होतं, हा समज चुकीचा आहे. व्हीबीएमध्ये डिम फेरीगणिक चालत नाही. तुमच्या ‘ओळ’ व्हेरिएबलचं जे झालं तेच इथे शीटचं होतं.

अट जोडून लिहिताना एक काळजी घ्या. ‘इफ नॉट सापडला इज नथिंग ॲण्ड सापडला.रो > ५ देन’ ही ओळ तर्काला बरोबर वाटते आणि तरीही ९१ देते. व्हीबीएचा ‘ॲण्ड’ पहिली बाजू खोटी निघाली तरी दुसरी बाजू तपासतोच. व्हीबी डॉट नेटमध्ये यासाठी ‘ॲण्डऑल्सो’ आहे, एक्सेलच्या व्हीबीएमध्ये तो नाही. म्हणून एका इफच्या आत दुसरा इफ लिहा, दिसायला लांब वाटलं तरी.

एरर ९१ ऐवजी ४२४ आली, ‘ऑब्जेक्ट रिक्वायर्ड’, तर समजा की व्हेरिएबल रिकामं नाही, ते मुळात ऑब्जेक्टच नाही. ‘डिम पहिला, दुसरा ॲज रेंज’ असं लिहिलं की फक्त ‘दुसरा’ रेंज होतो, ‘पहिला’ व्हेरियंट राहतो आणि त्यात एम्प्टी, म्हणजे अजून काहीच न भरलेली किंमत असते. एम्प्टीला ‘इज नथिंग’ विचारलं की ४२४. डिक्शनरीत नसलेली ‘की’ वाचली तर एरर न येता ती ‘की’ एम्प्टी किंमतीसह नव्याने तयार होते, आणि सेट करताना ४२४ येते. म्हणून आधी ‘एक्झिस्ट्स’ विचारा. इनपुटबॉक्समध्ये टाइप ८ वापरून माणसाकडून सेल निवडून घेताना त्याने कॅन्सल दाबलं, तर हातात फॉल्स येतो आणि सेट ४२४ वर अडतो. व्हेरियंटमध्ये नक्की काय आहे कळत नसेल तर ‘टाइपनेम’ वापरा. ते कशालाही चालतं आणि नथिंग, एम्प्टी, रेंज, वर्कशीट असं सरळ नाव सांगतं. मॉड्यूलच्या माथ्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ असू द्या, म्हणजे नावातल्या टायपिंगच्या चुकीमुळे नवा व्हेरियंट तयार होणार नाही.

‘डिम यादी ॲज न्यू कलेक्शन’ असं एका ओळीत लिहू नका. अशा व्हेरिएबलला ‘इज नथिंग’ विचारलं की विचारण्याच्या क्षणीच ते नवं कलेक्शन बनवून घेतं, उत्तर कायम ‘नाही’ येतं. डिम वेगळं, ‘सेट यादी = न्यू कलेक्शन’ वेगळं. पर्यायी पॅरामीटर रेंज असेल तर ‘इजमिसिंग’ उपयोगाचं नाही, ते फक्त व्हेरियंटला कळतं. न पाठवलेली रेंज आत नथिंग असते, तेवढं तपासा.

एक प्रकार राहिला, तो कमी वेळा येतो पण गोंधळात टाकतो. व्हेरिएबल सेट आहे, ‘इज नथिंग’ फॉल्स सांगतं, तरीही वापरलं की ऑटोमेशन एरर येते. मधल्या काळात ती फाइल बंद झालेली असते किंवा शीट डिलीट झालेली असते. वहीत पत्ता लिहिलेला आहे, पण घर पाडून टाकलंय, असा तो प्रकार. ‘इज नथिंग’ फक्त वहीत पत्ता आहे का ते बघतं, घरापर्यंत जाऊन येत नाही. अशी शंका असेल तिथे एक छोटं फंक्शन लिहा: रिझ्यूम नेक्स्ट लावून त्या वस्तूचं ‘.नेम’ वाचायचं आणि ‘एर.नंबर’ (इथे ‘एरर’ नव्हे, ‘एर’) शून्य आहे का बघायचं. मी स्वतः मात्र हे टाळता येईल तेवढं टाळतो आणि फाइल बंद करणाऱ्या ओळीलाच ‘सेट वही = नथिंग’ लिहितो. प्रोसिजर संपताना प्रत्येक लोकल व्हेरिएबलला नथिंग करत बसायची गरज नाही, ती आपोआप मोकळी होतात.

फाइल उघडताना एकदाच सेट करून मॉड्यूलच्या पातळीवर ठेवलेल्या व्हेरिएबलांवरही विसंबू नका. एररच्या खिडकीत ‘एंड’ बटण दाबलं की ती सगळी पुसली जातात. सकाळी चाललेला मॅक्रो दुपारी पहिल्याच ओळीला ९१ देतो तो यामुळे. गरज असेल तेव्हा नव्याने मिळवून देणारं फंक्शन ठेवणं जास्त भरवशाचं.

शोधताना एफ८ ने एकेक ओळ चालवा, लोकल्स खिडकी उघडी ठेवा. कोणतं व्हेरिएबल कोणत्या ओळीनंतर नथिंग राहिलं ते डोळ्यांना दिसतं. कंट्रोल-जी दाबून इमिजिएट खिडकीत प्रश्नचिन्ह देऊन ‘सापडला इज नथिंग’ विचारलं तरी ट्रू-फॉल्स मिळतं.

आता पडलेल्या रकमांचं. मॅक्रो दुरुस्त करून मागची वही तशीच पुढे नेऊ नका. आधी फाइलची प्रत करा. दिवसाच्या पट्ट्यांची बेरीज आणि खातेवहीतली बेरीज जुळते म्हणून निर्धास्त राहू नका, कारण रक्कम फक्त एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेली असेल तर एकूण बेरीज जुळणारच. खात्यागणिक बघावं लागेल. पट्ट्यांच्या शीटवरून प्रत्येक शेतकऱ्याची बेरीज सम-इफ्सने काढा आणि खातेवहीतल्या आकड्याशेजारी मांडा. जी नावं लिपीमुळे जुळत नाहीत ती इथेही शून्य दाखवतील, ती हाताने जुळवा. नवी पट्टी-शीट रोज करत असाल तर आधी सगळ्या पट्ट्या तारखेच्या क्रमाने एका शीटवर आणा.

फरक निघतील ते ठरावीक रीतीने निघतील. ज्याचं खातं कमी दाखवतंय त्याची पट्टी शोधा आणि तिच्या वरची पट्टी कुणाची होती ते बघा. तेवढीच रक्कम त्याच्या खात्यात जास्त असेल. लागोपाठ दोन-तीन नावं सापडली नसतील तर त्या सगळ्यांच्या रकमा शेवटच्या सापडलेल्या माणसाकडे गेलेल्या असतील. खातेवहीत ओळच नसलेल्या नव्या शेतकऱ्याचं कमी झालेलं खातं दिसणार नाही, तिथे फक्त वरच्या माणसाचं जास्त झालेलं दिसेल. आणि दिवसाची पहिलीच पट्टी सापडली नसेल तर ‘ओळ’ शून्य होती, शून्याव्या ओळीत लिहिताना आलेली १००४ गिळली गेली, आणि ती रक्कम कुठेच पडली नाही. त्या दिवसाची बेरीज तेवढ्याने कमी येईल. ज्या शेतकऱ्याने तक्रार केली त्याच्या पट्टीपासून सुरुवात करा आणि त्या दिवशी त्याच्या वर कुणाचं नाव होतं ते बघा.